लेकीला लस, आईला तपासणी : खान्देशातल्या बैठकांमध्ये हमखास येणारे प्रश्न

चोपडा, शिरपूर, शहादा, धडगाव या पट्ट्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल बोलायला गेलं की भाषा बदलते, कुठे अहिराणी, कुठे लेवा गणबोली, कुठे पावरी. प्रश्न मात्र तेच असतात. काही मोठ्याने विचारले जातात. काही बैठक मोडल्यावर, चपला शोधता शोधता, हळूच. महत्त्वाचे बहुतेक या दुसऱ्या जातीचे. आणखी एक गंमत म्हणजे सगळ्या बायका लेकीच्या लसीचं विचारतात, स्वतःच्या तपासणीचं कुणीच नाही. म्हणून तो विषय मी खाली जागोजागी घुसवला आहे.

हा नेमका कुठला कॅन्सर? पिशवीचा का?

पिशवीच्या तोंडाचा. गर्भपिशवी जिथे योनिमार्गात उघडते त्या भागाला गर्भाशयमुख म्हणतात, तिथे हा होतो. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर वेगळा, अंडाशयाचा वेगळा. हे तिन्ही एकच समजू नका, कारण लस आणि सोपी तपासणी ही फक्त या तोंडाच्या कॅन्सरसाठी आहे.

तो होतो कशाने?

जवळजवळ प्रत्येक वेळी एका विषाणूने, एचपीव्ही त्याचं नाव. त्याचे शंभरच्या वर प्रकार आहेत, त्यातले थोडेच धोक्याचे. १६ आणि १८ नंबरचे सगळ्यात वाईट. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोघांमुळे होतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

विषाणू शिरला म्हणजे कॅन्सर झाला असं अजिबात नाही. दहापैकी नऊ जणींचं शरीर तो दोनेक वर्षांत आपोआप काढून टाकतं, बाईला कळतही नाही. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्या पेशी हळूहळू बदलत जातात, आणि तिथून कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या बाईत हे ५ ते १० वर्षांत होऊ शकतं. या दुखण्यात आपल्या बाजूने काही असेल तर ती ही मधली वर्षंच. पंधरा वर्षं हातात असताना बाई शेवटच्या टप्प्यावर दवाखान्यात येते, याचा मला राग येतो. तिच्यावर नाही.

म्हणजे हा चालचलणुकीचा आजार आहे का?

हाच तो चपलांजवळचा प्रश्न. नाही. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरं, पण तो इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही होतो. नवऱ्याला लग्नाआधी झालेला असू शकतो, आणि त्याला ना ताप येतो ना खाज सुटते, त्यामुळे त्यालाही पत्ता नसतो. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

एखादीला हा आजार निघाला की सासरी पहिला प्रश्न तिच्या चारित्र्याचा निघतो. असं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तो घरातला मोठा माणूस का असेना.

लस कोणत्या वयात द्यायची?

९ ते १४ वर्षं. त्यानंतर २६ पर्यंत घेता येते, उपयोगही होतो, पण वय वाढेल तसा फायदा कमी होत जातो.

एवढ्याशा पोरीला लैंगिक आजाराची लस? लग्न ठरल्यावर देऊ की.

लस विषाणूला आत शिरू देत नाही. शिरलेल्याला बाहेर काढत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात गेल्यावर वरून किती फवारलं तरी काय हाती लागतं, हे कपाशी लावणाऱ्या घरात मी वेगळं सांगायला नको. शिवाय या वयात शरीराचा प्रतिसाद जास्त जोरकस असतो, म्हणून कमी डोस पुरतात.

दुसरं, आपल्याकडे लग्न 'ठरल्यावर' म्हणजे नेमकं कधी? आपल्या भागात अजूनही अठरा पूर्ण व्हायच्या आत पोरी उजवल्या जातात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मांडवाच्या घाईत लस कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि लस दिली म्हणून मुलगी बिघडते असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, कावीळ ब ची लस तर बाळाला जन्मतःच देतात, तोही याच मार्गाने पसरणारा आजार आहे. त्याने कोण बिघडलं?

डोस किती? आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो, दुसरा डोस चुकला तर?

खाजगी दवाखान्यात ९ ते १४ वयाला दोन डोस देतात, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ च्या पुढे तीन. पण डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ९ ते २० वर्षांच्या मुलींना एक डोसही चालतो, तो जवळपास तेवढंच संरक्षण देतो. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलींना मात्र किमान दोन, जमल्यास तीन.

या निर्णयामागे जे पुरावे आहेत त्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. २००९ मध्ये भारतात सुमारे १७ हजार मुलींवर दोन डोस की तीन, असा अभ्यास सुरू झाला. बार्शी, पुणे, मुंबई ही त्यातली केंद्रं. २०१० मध्ये सरकारने सगळे एचपीव्ही अभ्यास थांबवले (का, ते खाली येईल), आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर एकच डोस मिळालेल्या मुलींमध्येही १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण होतं. सहा महिन्यांनी पोरगी बारडोलीकडे कुठल्या तरी फडावर असेल, अशा घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दुसरा डोस लांबला तर पहिला वाया जात नाही. परत आल्यावर द्या, पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही.

लस कोणती, आणि पैसे किती?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशात तयार झालेली पहिली एचपीव्ही लस. तिला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली, जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली तेव्हा एका डोसची किंमत २००० रुपये होती. ती चार प्रकारांवर चालते: ६, ११, १६ आणि १८. बाहेरून येणारी गार्डासिल चार किंवा नऊ प्रकारांची. नऊवाली महाग, एका डोसला दहा हजारांच्या घरात. कॅन्सरच्या मुख्य दोन प्रकारांवर सगळ्याच चालतात. परवडत नसताना नऊवालीच पाहिजे म्हणून अडून बसू नका.

सरकारी मोफत लसीकरणात कोणत्या वयाच्या मुली घेतल्या आहेत ते आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. खिशातून पैसे काढण्याआधी विचारा, नंतर नको.

पुढे पोरीला लेकरं होतील ना?

होतील. लसीत जिवंत विषाणू नाही, मेलेलाही नाही. विषाणूच्या वरच्या टरफलासारखं प्रथिन कारखान्यात तयार करून ते भरतात, आत काहीच नसतं. त्याने वंध्यत्व येतं असं जगात कुठेही सिद्ध झालेलं नाही, आणि ही लस २००६ पासून वापरात आहे. मूल होण्याची वाट खरोखर बंद करतो तो कॅन्सर. तो वाढला की पिशवी काढावी लागते, नाहीतर किरणोपचार द्यावे लागतात.

ती लस घेऊन आदिवासी मुली मेल्या होत्या म्हणे. व्हिडिओ आलाय.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यात अर्धं खरं आहे.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एका प्रकल्पाखाली हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यातल्या सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. चौकशीत मृत्यूंची कारणं निघाली ती बुडणं, सर्पदंश, विषप्राशन, मलेरिया अशी. लसीशी संबंध सापडला नाही. पण त्याच चौकशीत दुसरंही निघालं. पालकांना नीट सांगितलेलंच नव्हतं. आंध्रातल्या कितीतरी संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले.

लस निर्दोष होती, देण्याची पद्धत नव्हती. गरिबाच्या पोरीला विचारायचं काय, असं धरून चाललं की लोक पुढची पंधरा वर्षं चांगल्या लसीकडेही संशयाने बघतात. आपण तेच भोगतो आहोत.

अफवेचा फटका श्रीमंत देशालाही बसतो. जपानमध्ये २०१३ साली दुष्परिणामांच्या बातम्या आल्या, सरकारने लसीची शिफारस मागे घेतली आणि सुमारे ७० टक्के मुली घेत असलेली लस एक टक्क्याखाली आली. पुन्हा शिफारस सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं.

मुलगी आश्रमशाळेत आहे. अधीक्षकांनी सही केली तर चालेल का?

मी तरी म्हणेन, चालू देऊ नका. आई, बाप किंवा पालक यांनाच सांगायचं, त्यांच्याच भाषेत, आणि होकार त्यांचाच घ्यायचा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून शाळेपर्यंत यायला दिवस मोडतो हे मान्य. म्हणून संमतीचे कागद होळीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुलींबरोबर घरी पाठवावेत, सोबत पाड्यावरच्या आशाताईला कळवावं, म्हणजे ती घरी जाऊन पावरीत नाहीतर भिलीत समजावून सांगेल. अंगठा उठवून घेणं आणि संमती घेणं यात फरक आहे. आणि पोरीलाही विचारा. तेरा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं.

लस दिल्यावर त्रास काय होतो?

दंड दुखतो, थोडा सुजतो, एखाद्या दिवशी कणकण येते. सगळ्यात जास्त घाबरवते ती चक्कर, आणि ती लसीपेक्षा सुईच्या धास्तीने येते. रांगेतली एक पोरगी खाली बसली की तिच्या मागच्या चौघी बसतात. शाळेतल्या लसीकरणात हे दृश्य नेहमीचं. उपाय साधे: पोषण आहाराची खिचडी खाऊन मगच रांग लावायची, टोचताना बसवून टोचायचं, नंतर १५ मिनिटं तिथेच बसवून ठेवायचं, आणि टोचण्याची जागा रांगेतल्या मुलींना दिसेल अशी ठेवायची नाही. गंभीर अ‍ॅलर्जी फार क्वचित होते, तीही बहुधा या पंधरा मिनिटांतच कळते.

पाळी चालू असेल तर?

चालतं. गरोदरपणात देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येते. चांगला ताप असेल तर उतरल्यावर द्या. आधीच्या डोसने मोठी अ‍ॅलर्जी झाली असेल तर पुन्हा नाही.

मुलांना का नाही?

देता येते, सर्व्हाव्हॅकला मुलांसाठीही परवानगी आहे. विषाणूमुळे पुरुषांनाही गुदद्वाराचा, घशाचा कॅन्सर होतो. पैसे मोजकेच असतील तर आधी मुलीला.

माझं वय ३८. मला द्या ना लस.

तुम्हाला लसीपेक्षा तपासणीची गरज आहे, आणि खरं सांगायचं तर मुलीपेक्षा तुमची गरज आजची आहे. तिला धोका वीस-तीस वर्षांनी. तुमच्या पेशी बदलायला सुरुवात झाली असेल तर ती आता झालेली असेल. तरीही देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांत कधी तरी ही तपासणी झालेल्या २ टक्केसुद्धा नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा १.९ आहे. सरकारी नियमाप्रमाणे तिशीनंतर दर पाच वर्षांनी, ६५ पर्यंत, ती मोफत व्हायला हवी.

तपासणीत नेमकं काय करतात?

सांगते, कारण भीती याचीच असते. टेबलावर पाठीवर झोपवतात, गुडघे वाकवून. वर चादर. सिस्टर एक पोकळ साधन योनिमार्गात हलकेच सरकवते, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. मग पातळ केलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड कापसाने लावते. नावाने दचकू नका, चायनीजच्या गाडीवर असतं त्या व्हिनेगरमधलंच ते. एक मिनिट थांबायचं, दिव्याच्या उजेडात बघायचं. बदललेल्या पेशी असतील तिथे पांढरा डाग उठतो. झालं. थोडी चुरचुर होते. भूल नाही, टाका नाही, आणि निकाल उठायच्या आत कळतो. याला व्हीआयए म्हणतात.

पाळीच्या दिवसांत जाऊ नका. पाळी कायमची गेल्यावर ही तपासणी तितकीशी भरवशाची राहत नाही, कारण बघायचा भाग आत सरकतो. तेव्हा पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) किंवा विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी बरी. एचपीव्ही चाचणीत नमुना बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते, लाजणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय, पण आपल्या गावांपर्यंत ती अजून सरसकट पोचलेली नाही.

"सिस्टरला काय कळतं, डॉक्टरच पाहिजे" असं कुणी म्हटलं तर मुंबईचं उदाहरण द्या. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांत जेमतेम दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी ही तपासणी करून घेतली. बारा वर्षांनी या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, सव्वा लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासात आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले.

डाग निघाला. मला कॅन्सर झाला का?

बहुतेक वेळा नाही. डाग म्हणजे पेशी बदलताहेत, किंवा नुसती सूजही असेल. पुढे दुर्बिणीने बघतात, वाटलं तर तुकडा काढून तपासतात. कॅन्सरच्या आधीची पायरी असेल तर तो भाग गरम यंत्राने किंवा अतिथंड वायूने जाळून टाकतात. त्याच दिवशी घरी. डाग निघाला आणि घाबरून पुढे गेलीच नाही, अशा बाईसाठी तपासणी होऊन न झाल्यासारखीच. आशाताईंनो, यादीत नाव आलं की त्या बाईच्या मागेच लागा.

अंगावरून पांढरं जातं. डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

थांबा. पांढरं जाण्याची कारणं बहुतेक साधी असतात, जंतुसंसर्गाची, गोळ्यांनी बरी होणारी. व्हीआयए किंवा पॅप न करता, सोनोग्राफीच्या एका कागदावर पस्तिशीतल्या बाईची पिशवी काढायला निघणाऱ्याला एवढंच विचारा: "डॉक्टरसाहेब, तपासणीत काय निघालं ते लिहून द्या." आणि मग दुसरा सल्ला घ्या, जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. गरज नसताना पिशवी गेली की शरीर लवकर खचतं, आणि मजुरी करणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

मग खरी धोक्याची लक्षणं कोणती?

दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त. संबंधानंतर रक्त. पाळी बंद झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा डाग. घाण वास येणारं, रक्ताळ पाणी. सुरुवातीला यातलं काहीही नसतं, म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. पण पाळी गेलेल्या सासूबाई "परत सुरू झाली" म्हणाल्या, तर अंगावर काढू देऊ नका. त्याच आठवड्यात दवाखाना.

मिसरीचा काही संबंध आहे का?

आहे. तंबाखूने विषाणू टिकून राहायला मदत होते. मिसरी, तपकीर, विडी, काहीही असो.

लस घेतलेल्या मुलीला पुढे तपासणी लागेल?

लागेल, तिशीनंतर. लस सगळ्याच धोकादायक प्रकारांवर चालत नाही.

हा गरीब देशांचाच आजार आहे का?

विषाणू सगळीकडे आहे, मरण गरिबांच्या वाट्याला जास्त येतं. २०२२ मध्ये जगात या कॅन्सरने सुमारे साडेतीन लाख बायका गेल्या, त्यातल्या ९४ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. एकट्या भारतात जवळपास ८० हजार. श्रीमंत देशांत पॅप तपासणी अनेक दशकांपासून आहे. ऑस्ट्रेलियाने २००७ पासून मुलींना लस द्यायला सुरुवात केली, तिथे हा आजार आता संपायच्या वाटेवर आहे. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरचा एकही रुग्ण आढळला नाही, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

पण पैसा नसला तरी जमतं. रवांडा २०११ पासून देतो आहे, शाळेतून, आणि शाळेत नसलेल्या मुलींना गावातले आरोग्यसेवक शोधून आणतात; तिथे ९० टक्क्यांहून जास्त मुलींना लस मिळाली. आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्ये करून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठरवलं आहे ते असं: ९० टक्के मुलींना पंधरा वर्षांपर्यंत लस, ७० टक्के बायकांची ३५ आणि ४५ व्या वर्षी चांगली तपासणी, आणि आजार निघालेल्या ९० टक्के बायकांना उपचार. सातपुड्यातली अडचण रवांडाच्या डोंगरांपेक्षा फार वेगळी नाही. शाळा सोडलेली मुलगी कोण शोधणार, एवढाच प्रश्न आहे.

कॅन्सर निघालाच तर?

लवकर निघाला तर शस्त्रक्रियेने बऱ्या होणाऱ्या पुष्कळ. पुढच्या टप्प्यात किरणोपचार: आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच आठवडे, सोबत आठवड्याला एक केमोचं सलाईन, शेवटी आतून किरण देतात. छत्रपती संभाजीनगरच्या राज्य कर्करोग संस्थेत नाहीतर मुंबईला टाटामध्ये जावं लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. योजनेत न बसणारा खर्च असतो तो राहण्याचा, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा. म्हणून बायका मध्येच उपचार सोडून गावी येतात. तसं करू नका. किरणांत खंड पडला की गुण कमी येतो. राहायची सोय हवी असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा.

घरचे म्हणतात, दुखत नाही तर कशाला जायचं? आणि वेळ कुठे आहे?

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येता ना? त्या आठवड्यात सासरचं काम मागे नसतं, आई सोबत असते, बहिणी असतात. आशाताईला आधी निरोप द्या, तिघी-चौघी मिळून उपकेंद्रावर जा. एकटीला लाज वाटते, चौघींना वाटत नाही. भाचीचं वय नऊच्या पुढे असेल तर तिलाही घ्या आणि लसीचं तिथेच विचारा. व्हीआयए कोणत्या वारी करतात ते आधी फोन करून पक्कं करा, नाहीतर प्रशिक्षित सिस्टर शिबिराला गेलेली असते आणि हेलपाटा पडतो.